बंब येईपर्यंत

"सर, बंब वेळेवर कां येत नाहीं?" असा प्रश्न आमच्या दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें दोन वर्षांपूर्वीं मला विचारिला. प्रश्न साधा होता; परंतु विचारणाऱ्याचीं पुस्तकें, वह्या व अंथरूण आदल्याच शनिवारीं जळून गेलीं होतीं, म्हणून वेळ मारून नेणारें उत्तर देणें मला शक्य झालें नाहीं. त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां जें कांहीं समजलें, तें आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रसंग असा. बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुतेक टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. कांहीं जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांतच राहतात. या विद्यार्थ्याचे आईवडील त्या वर्षीं तेलगांवच्या शिवारांत उतरले होते, आणि तो सुटीचे दोन दिवस त्यांच्याकडे गेला होता. त्याच्या वडिलांशीं त्याच्या पुढील शिक्षणाविषयीं बोलावें म्हणून मीहि त्या शनिवारीं तेलगांवीं गेलों.

तेलगांव हें धारूर तालुक्यांतील चौरस्त्याचें गांव आहे. बीडहून वडवणीवरून परळीस जाणारा रस्ता आणि माजलगांवाहून धारूरकडे जाणारा रस्ता हे येथें एकमेकांस भेटतात. साखर कारखाना जवळच असल्यामुळें हंगामांत ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची रीघ लागलेली असते. चौकांतील एका हॉटेलांत मी चहा घेत बसलों असतां पूर्वेकडे धूर दिसला. "कोणीं पाचट पेटविलें असेल," असें एक गृहस्थ म्हणाले, व आम्ही सर्वजण दोन-तीन मिनिटें त्या धुराकडे पाहत तसेच बसून राहिलों. मग बायकांचा आक्रोश ऐकूं आला, तेव्हां धांवलों.

एका ओळींत अकरा कोप्या होत्या. बांबूचा सांगाडा, वर पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद. दोन कोप्यांमध्यें दोन-अडीच हातांचें अंतर. तिसऱ्या कोपीतल्या चुलीची ठिणगी पाचटास लागली आणि वारा पश्चिमेचा होता. पहिली पेटलेली कोपी चार-पांच मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त झाली. साठ-सत्तर माणसें जमलीं होतीं. प्रत्येकजण दुसऱ्यास हुकूम सोडीत होता. शेजारच्या शेतांत पाण्यानें भरलेली विहीर होती. परंतु शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्रींची असल्यामुळें मोटार चालेना. चौकांत पाण्याचा टँकर उभा होता; त्याचा चालक जेवावयास कोणाकडे गेला आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. मीं स्वतः काय केलें तें सांगण्यासारखें नाहीं, तरी सांगतों. एक बादली पैदा केली, धापा टाकीत आगीजवळ गेलों, आणि वाऱ्याच्या तोंडीं उभा राहून ती रिती केली. निम्में पाणी माझ्याच अंगावर आलें. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यानें असें करावें याची मला अजूनहि लाज वाटते.

तिसरीपासून अकरावीपर्यंत नऊ कोप्या गेल्या. पहिल्या दोन राहिल्या, त्या आमच्या पराक्रमानें नव्हे, तर त्या वाऱ्याच्या मागच्या बाजूस होत्या म्हणून. मनुष्यहानि झाली नाहीं. एका आजीचे हात भाजले, बांधलेली एक शेळी गेली, आणि एका पत्र्याच्या पेटींतील उचलीचे पैसे कोळसा होऊन हातीं आले. माझ्या विद्यार्थ्याची कोपी दहावी होती. बंब आला तेव्हां विझवावयास राख तेवढी उरली होती.

आतां बंबाचा हिशेब पाहा. समजा, बंब वीस किलोमीटरांवर आहे. कोणी तरी वर्दी देण्याचें भान ठेवावें यांत पांच मिनिटें जातात. बंब बाहेर पडण्यास दोन मिनिटें लागतात. आणि उसाच्या गाड्यांतून वाट काढीत तो ताशी चाळीस किलोमीटर वेगानें आला तर तीस मिनिटें. म्हणजे सदतीस मिनिटें, आणि हा हिशेब कोणाचीहि कुचराई झाली नाहीं असें धरून केलेला आहे. नऊ कोप्या जळण्यास पंचवीस मिनिटेंहि लागलीं नव्हतीं. सबब त्या मुलास मीं जें उत्तर दिलें तें असें: बंब वेळेवरच येतो, पण तो त्याच्या वेळेवर येतो, आगीच्या नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कीं मग गांवोगांव बंब ठेवावा. इच्छा चांगली आहे. परंतु आपल्या राज्यघटनेंत १९९२ सालच्या दुरुस्त्यांनीं जीं दोन परिशिष्टें जोडलीं गेलीं, त्यांकडे पाहिलें म्हणजे वस्तुस्थिति कळते. नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या अठरा विषयांच्या बाराव्या परिशिष्टांत अग्निशमन सेवा हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. पंचायतींच्या एकोणतीस विषयांच्या अकराव्या परिशिष्टांत तो नाहीं. महाराष्ट्राचा २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे, पण तो मुख्यतः इमारतींच्या मालकांवर व भोगवटादारांवर कर्तव्यें घालतो. उसाच्या फडास व पाचटाच्या कोपीस त्याचा आधार थोडा. तेव्हां ज्या गांवांत नगरपरिषद नाहीं, त्या गांवास बंब बाहेरून यावयाचा, आणि तो येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास ज्याचा त्यानें काढावयाचा, अशी व्यवस्था आहे. हा अर्धा तास कोणाच्या हातीं द्यावयाचा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

जगांतील पुष्कळ देशांनीं तो हांकेच्या अग्निशामकाच्या हातीं दिला आहे. हांकेचा अग्निशामक म्हणजे ज्याचा धंदा दुसराच कांहीं आहे, परंतु ज्यानें आगीशीं झुंजण्याचें शिक्षण घेतलें आहे व वर्दी आली कीं हातचें काम टाकून जो निघतो, असा गांवचाच मनुष्य. इंग्लंडांतील लहान गांवें व खेडीं यांचा भार मुख्यतः अशाच लोकांवर आहे. पूर्वीं त्यांस 'रिटेन्ड' म्हणत, हल्लीं 'ऑन-कॉल' म्हणतात. कोणी पाव भाजणारा, कोणी सुतार, कोणी शिक्षिका. अट एवढीच, कीं त्यानें केंद्रापासून सामान्यतः पांच मिनिटांच्या अंतरावर राहावें किंवा काम करावें. कमरेस एक छोटेंसें यंत्र असतें. तें वाजलें कीं दुकानाचें दार लोटून तो केंद्राकडे धांवतो. आठवड्यांतून एका संध्याकाळीं कवाईत व सराव. त्याबद्दल वर्षाकांठीं ठराविक मेहनताना व शिवाय प्रत्येक वर्दीमागें वेगळा पैसा मिळतो. जर्मनींत अशा स्वयंसेवक अग्निशामकांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. जपानांत गांवोगांवच्या दलांत सात-आठ लाख लोक आहेत. दक्षिण अमेरिकेंतील चिली या देशाची गोष्ट तर विशेषच. वाल्पाराइसो या बंदरांत १८५० सालीं मोठी आग लागली, पुढच्याच वर्षीं तेथील नागरिकांनीं स्वयंसेवकांचें दल उभारिलें, आणि आजतागायत त्या देशांतील अग्निशामक हे स्वयंसेवकच आहेत. ते पगार घेत नाहींत.

हें सर्व परदेशचें झालें, असें म्हणून कोणी पान उलटूं नये. आपल्या मुंबईचाच इतिहास पाहा. १८०३ सालच्या फेब्रुवारींत तेथील कोटाचा मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. त्यानंतर कित्येक वर्षें शहराची आग विझविण्याचें काम पोलिसांच्या हाताखालीं, इतर कामांच्या जोडीला म्हणून चालत असे. पूर्ण वेळाचें दल नगरपालिकेच्या ताब्यांत आलें तें १८८७ सालीं. म्हणजे जेथें आज देशांतील एक नामांकित अग्निशामक दल आहे, तेथेंहि आरंभ अर्धवेळाच्या माणसांनींच झाला.

त्याच मुंबईची दुसरी एक आठवण या ठिकाणीं सांगितली पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाच्या जहाजावर आग लागली. जहाजांत कापसाच्या गांठी होत्या आणि त्याच जहाजांत शेंकडों टन दारूगोळाहि होता. दुपारीं दोनच्या सुमारास काम सुरू झालें. दोन तास पाणी मारूनहि कापसाच्या पोटांतील आग विझेना. आणि चार वाजून सहा मिनिटांनीं स्फोट झाला. पाऊण तासाच्या आंत दुसरा झाला. त्या दिवशीं ६६ अग्निशामक कामावर असतां मेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात. मीं ही गोष्ट मुद्दाम येथें घातली आहे, कारण हांकेच्या अग्निशामकाची गोष्ट ऐकून मुलांचे डोळे चमकूं लागतात, आणि तांबडें शिरस्त्राण घालून ज्वाळांत शिरण्याचीं स्वप्नें त्यांस पडूं लागतात. पूर्ण शिकलेल्या, पूर्ण वेळाच्या माणसांचीहि आग अशी गत करते. अर्धवट शिकलेल्यानें तर आपली पायरी ओळखूनच राहिलें पाहिजे.

शिवाय त्या जहाजावरील कापूस आमच्या जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. कापसाची गांठ वरून विझलेली दिसते व आंत धुमसत राहते. पाणी आंत शिरत नाहीं. गांठ फोडून, पसरून, भिजवावी लागते, आणि मग तिच्यावर रात्रभर पहारा ठेवावा लागतो. घरांत कापूस भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. कडब्याच्या गंजीचेंहि तेंच. लोक वरून घागरी ओततात, धूर थांबला म्हणून घरीं जातात, आणि पहांटे गंजी पुन्हां पेटते.

मग हांकेच्या माणसानें शिकावयाचें तरी काय? पहिलें म्हणजे आगीचा स्वभाव. आगीस तीन गोष्टी लागतात: जळण, हवा व उष्णता. यांतील एक काढून घेतली कीं ती मेली. पाणी उष्णता काढून घेतें. आणि कसें काढून घेतें हें आमच्या नववी-दहावीच्या मुलांस ठाऊकच आहे. शंभर अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता शोषिली जाते. म्हणून पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर फेकूं नये. जें जळत आहे त्याच्या बुडाशीं, शक्य तितकें बारीक तुषार करून मारावें. शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणीचा पंप लहान आगीस घागरीहून अधिक उपयोगी पडतो तो याच कारणानें. मात्र त्यांत औषधाचा अंश राहिलेला नसावा. कढईंतील तेल पेटलें तर पाण्याचा थेंबहि घालूं नये. तेलाखालीं गेलेल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिचा पसारा पाण्याच्या सुमारें सतराशें पट असतो, आणि ती जळतें तेल चहूंकडे उडविते. झांकण ठेवावें व गॅस बंद करावा. हवा तुटली कीं काम झालें.

परंतु रानांतल्या आगीस पाणी क्वचितच पुरतें. तेथें जळण काढून घेणें हाच उपाय. उसाच्या फडास आग लागते ती बहुधा वाऱ्यानें विजेच्या तारा एकमेकींवर घांसून, किंवा कोणीं टाकलेल्या विडीनें, किंवा शेजारच्या बांधावर पेटविलेल्या पाचटानें. वाळलेल्या पाल्यांतून ती मनुष्य धांवतो तितक्या वेगानें जाते. तिच्या तोंडापुढें उभें राहून लढणें हा वेडेपणा होय. तिच्या बऱ्याच पुढें जाऊन, चार-सहा सरींचा ऊस आडवा पाडून, पाचट ओढून काढून, मोकळ्या मातीचा पट्टा करावा. ट्रॅक्टर असेल तर नांगर घालावा. बाजूंनीं, वाऱ्याच्या पाठीकडून, ओल्या गोणपाटांनीं व कडुनिंबाच्या हिरव्या डहाळ्यांनीं आग बडवीत यावें. आणि हें सर्व करण्यापूर्वीं महावितरणाच्या १९१२ या क्रमांकावर कळवून त्या भागाची वीज बंद झाली आहे अशी खात्री करून घ्यावी. खांबावरची तार लोंबत असतां पाणी मारणारा मनुष्य आगीनें नव्हे, विजेनें मरतो. जळालेल्या उसाचें वजन व साखर रोजच्या रोज घटते, म्हणून त्याची खबर कारखान्यास त्याच दिवशीं जावी हेंहि त्या मनुष्यानें शेतकऱ्यास सांगावें. रडण्याच्या भरांत तें सुचत नाहीं.

बंब आला म्हणजे गांवच्या माणसाचें काम संपलें असें नाहीं; खरें पाहतां तेव्हां त्याचें दुसरें काम सुरू होतें. एका बंबांत साधारणतः चार-पांच हजार लिटर पाणी असतें. एका नळीनें मिनिटास साडेचारशें लिटर टाकलें तर तो दहा मिनिटांत रिकामा होतो. पुढें काय? कोणत्या विहिरीस पाणी आहे, तिच्यापर्यंत एवढें मोठें वाहन जातें कीं नाहीं, कोणाकडे डिझेलचा पंप आहे, कोणता बांध मऊ आहे, हें बाहेरून आलेल्या जवानास कसें कळणार? तें सांगणारा एक शहाणा मनुष्य चौकांत उभा असला तर बंबाची शक्ति दुप्पट होते.

आतां आमच्या जिल्ह्याची एक अडचण सांगतों. ती इंग्लंड-जर्मनीस नाहीं. गांवांतील धट्टेकट्टे लोक निवडून यादी करावी म्हटलें, तर त्यांतले पुष्कळ दिवाळी ते होळी या काळांत ऊसतोडीस गेलेले असतात, आणि आगीचे दिवस नेमके माघ-फाल्गुनापासून सुरू होतात. कागदावर तीस तरुण व गांवांत तिघे, असा प्रकार होतो. म्हणून यादी करतांना बळ पाहूं नये. वर्षाचे बारा महिने दुपारीं दोन वाजतां गांवांत कोण असतो तें पाहावें. पिठाच्या गिरणीचा मालक असतो. चौकांतले गॅरेजवाले असतात, व त्यांच्याकडे दोर, पहारी व जॅक हीं साधनें आयतींच असतात. शिंपी असतो, हॉटेलवाला असतो, शाळेचे शिक्षक असतात. आणि सर्वांहून अधिक संख्येनें बायका असतात. बचत गटांतील बायकांस ठराविक दिवशीं जमण्याची, हिशेबानें काम करण्याची संवय झालेली आहे. घरांतल्या पुष्कळ आगी चुलीपाशीं किंवा गॅसपाशीं लागतात, आणि तेथें पहिली हजर तीच असते. या कामांतून त्यांस वगळणें म्हणजे गांवचें अर्धें दल आपणच मोडून टाकणें होय. तेलगांवासारखें चौरस्त्याचें गांव या दृष्टीनें भाग्यवान समजलें पाहिजे. तेथें दुपारींहि पन्नास माणूस पांच मिनिटांच्या आंत जमूं शकतें. त्या दिवशीं सत्तर जमलेंच होतें.

सत्तर जमूनहि नऊ कोप्या जळाल्या कां, याचें खरें कारण मला पुढें चार दिवसांनीं त्या मुलाच्या वडिलांनीं सांगितलें. मी त्यांस म्हणालों, कीं चौथी कोपी पेटत असतां सातवी व आठवी ओढून पाडल्या असत्या, पाचट दूर फेंकलें असतें, तर शेवटच्या तीन वांचल्या असत्या. हें कोणासच कसें सुचलें नाहीं? ते म्हणाले, "गुरुजी, सुचलं हुतं की. पर दुसऱ्याची धड कोपी कुनी पाडायची? आन् आग तितवर आलीच नसती, तर मंग?"

या उत्तरानें माझे डोळे उघडले. ज्ञान नव्हतें असें नाहीं, अधिकार नव्हता. शहरांतील अग्निशामक अधिकाऱ्यास आग पसरूं नये म्हणून लगतचें बांधकाम तोडण्याचा अधिकार कायदा देतो. तो दार फोडतो तेव्हां घरमालक त्याच्याशीं भांडत नाहीं. गांवांत हें कोणीं करावें, हें आधीं ठरलेलें नसतें, आणि आग लागल्यावर सभा भरवितां येत नाहीं. ग्रामसभेनें शांत वेळीं आठ-दहा नांवें ठरविलीं, त्यांत एक मुख्य व एक दुय्यम नेमला, आणि आगीच्या वेळीं त्यांचें ऐकावें, त्यांच्या सांगण्यावरून एखाद्याचें छप्पर पाडलें गेलें तर तें गांवानें वर्गणीनें उभारून द्यावें असा ठराव केला, तर त्या ठरावानें कायद्याचें बळ येणार नाहीं हें खरें. पण सातव्या कोपीस हात घालण्याचें धैर्य येईल. माझ्या मतें हांकेच्या अग्निशामकास गांवानें द्यावयाची पहिली वस्तु शिरस्त्राण नव्हे, हा ठराव होय.

त्यानंतर शिक्षण. आमच्या देशांत खेड्यांतल्या हांकेच्या अग्निशामकाचें वेगळें दल नाहीं. तथापि त्याच्या जवळपास नेणाऱ्या वाटा आहेत. डिसेंबर १९४६ मध्यें मुंबईंत गृहरक्षक दल, म्हणजे होमगार्ड, मोरारजी देसाई यांच्या पुढाकारानें स्थापन झालें. त्यांतील मनुष्य आपला धंदा सांभाळून, बोलावणें आलें म्हणजे कामावर जातो व त्या दिवसांचा भत्ता घेतो. महाराष्ट्रांत २०२४ सालीं झालेल्या भरतींत वीस ते पन्नास वर्षें वय व दहावी उत्तीर्ण अशी अट होती. दुसरी वाट 'आपदा मित्र' या योजनेची. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें ती २०१६ सालीं पुराच्या जिल्ह्यांपासून सुरू केली व पुढें साडेतीनशें जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यापर्यंत वाढविली. बारा दिवसांचें शिक्षण मिळतें, त्यांत बुडणाऱ्यास काढणें, प्रथमोपचार, आग विझविणें हे विषय असतात, व साधनांची एक पिशवी मिळते. पुढें अशीच योजना एन. सी. सी., राष्ट्रीय सेवा योजना व स्काउट-गाइड यांतील मुलामुलींसाठींहि काढण्यांत आली आहे. आमच्या शाळेंतील ज्यांस गोडी असेल त्यांनीं जिल्हाधिकारी कचेरींतील आपत्ति व्यवस्थापन शाखेंत चौकशी करावी. ज्यांस हाच जन्माचा धंदा करावयाचा असेल त्यांच्यासाठीं नागपूर येथें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तें १९५६ सालीं रामपूर येथें सुरू होऊन दुसऱ्याच वर्षीं नागपुरास आलें.

पालकांच्या मनांतील शंका मला ठाऊक आहे. "आमच्या मुलास आगींत ढकलतां काय?" असें एका माउलीनें विचारिलेंहि. नाहीं. अठरा वर्षांच्या आंतील कोणीहि आगीजवळ जाऊं नये. त्यानें वर्दी द्यावी, वाटेवर उभें राहून बंबास रस्ता दाखवावा, लहान मुलांस व जनावरांस दूर न्यावें. मोठ्यांनींहि धूर भरलेल्या बंद घरांत शिरूं नये. आगींत माणसें ज्वाळेपेक्षां धुरानेंच अधिक मरतात. गॅसची टाकी पेटलेल्या घराजवळ जाऊं नये. नुसता गॅसचा वास असेल तर दिव्याचें बटण चालूं वा बंद न करितां दारें उघडावीं व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. विहिरींत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यांत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग उडी घालूं नये; आमच्या भागांत एकास काढावयास गेलेले आणखी दोघे मेल्याचीं उदाहरणें घडतात. अंगावरचे कपडे पेटले तर धांवूं नये. जमिनीवर लोळावें, किंवा दुसऱ्यानें जाड गोधडींत गुंडाळावें. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें साधें थंड पाणी धरावें. त्या आजींच्या हातांवर कोणी तरी दंतमंजन फांसलें होतें. डॉक्टरांस आधीं तें काढावें लागलें, आणि त्यांत आजींचे जे हाल झाले ते आगीनेंहि केले नव्हते. वर्दीसाठीं १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८.

पैशाविषयीं दोन शब्द. फुकटच्या कामावर गांव फार दिवस विसंबून राहूं शकत नाहीं, असें माझें मत आहे. चिलीचें उदाहरण थोर आहे, पण रोजंदारीवर पोट असलेल्या मनुष्यानें दुपारचें काम टाकून यावें आणि त्याची मजुरी बुडावी, हें न्यायाचें नाहीं. इंग्लंडची वर्दीमागें पैसा देण्याची रीत मला अधिक बरी वाटते. तितकें न जमलें तरी अपघाताचा विमा व जाड बूट, एवढें तरी गांवानें, कारखान्यानें व चौकांतील व्यापाऱ्यांनीं मिळून करावें; आगीनें नुकसान होणाऱ्यांत तेच पहिले आहेत.

तो विद्यार्थी पुढें दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुस्तकें वर्गमित्रांनीं मिळवून दिलीं. भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठीं काय करूं, असें त्यानें विचारिलें तेव्हां मीं त्यास तेलगांवच्या शिवाराचा पाण्याचा नकाशा काढावयास सांगितला. दोन रविवार हिंडून त्यानें तो काढिला. त्यांत बावीस विहिरी आहेत. प्रत्येकीपुढें पाण्याची खोली, मोटार विजेची कीं डिझेलची, आणि बंब कोठपर्यंत जाऊं शकतो, हें लिहिलें आहे. ज्या जागीं त्याची कोपी होती, तिच्यापासून सर्वांत जवळच्या विहिरीचें अंतर त्यानें पावलांनीं मोजिलें. तें एकशें चाळीस भरलें. सहा विहिरींचीं नांवें पेन्सिलीनें लिहिलेलीं पाहून मीं कारण विचारिलें. त्या संक्रांतीनंतर आटतात, म्हणून दरवर्षीं जाऊन पाहाव्या लागतील, असें तो म्हणाला.